दातांचं आरोग्य, लेखांक ११ : हाडाने धरलेला दात

गेल्या आठवड्यात आपण कवळी आणि ब्रिज पाहिले. कवळी हिरडीवर टेकते, ब्रिज शेजारच्या दातांवर. दोन्हींत पडलेल्या दाताच्या जागचं हाड रिकामंच राहतं. आजचा इम्प्लांट थेट त्या हाडात उतरतो. टायटॅनियमचा स्क्रू जबड्यात बसवायचा, हाडाने तो धरला की त्यावर कॅप चढवायची, एवढी ही कल्पना. पण तो टिकणार की नाही, हे शेवटी हाडच ठरवतं. म्हणूनच नवा दात बसवायचा विचार जुना दात काढण्याआधी सुरू व्हायला हवा, असं मी आग्रहाने सांगतो.

धातूला हाड असं धरून ठेवतं, हे पूर्वी कोणी मानत नव्हतं. शरीर परक्या वस्तूभोवती तंतूंचं आवरण तयार करून तिला वेगळं पाडतं, अशीच समजूत होती. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं वाहतं, याचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमचं छोटं निरीक्षण-उपकरण बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर ते निघेना, कारण हाड त्याला घट्ट चिकटलं होतं. ब्रोनेमार्क यांनी आपला अभ्यास त्या दिशेने वळवला. १९६५ साली गोथेनबर्ग इथे त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. जन्मतःच जबड्यात व्यंग असलेल्या त्या गृहस्थांचं निधन २००६ साली झालं, तोवर ते स्क्रू काम देत होते. तरीही जगभरच्या दंतवैद्यांना ही पद्धत पटायला १९८२ ची टोरांटोची परिषद उजाडावी लागली. हाड आणि टायटॅनियम यांच्या या जोडणीला ‘ऑसिओइंटिग्रेशन’ म्हणतात.

ही जोडणी होते कशी? टायटॅनियमला हवा किंवा पाणी लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. तो शरीराला त्रास देत नाही, आणि हाडाच्या पेशी त्याच्यावर नवं हाड रचू शकतात. बसवल्याच्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो केवळ आट्यांच्या जोरावर. पुढच्या काही आठवड्यांत भोवतालचं दुखावलेलं हाड विरघळतं आणि त्याच्या जागी नवं तयार होतं. जुनं गेलेलं आणि नवं अजून कच्चं, असा काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, तेव्हा पकड सगळ्यांत सैल असते. नेमकं याच वेळी दुखणं थांबलेलं असतं आणि रुग्ण त्या बाजूने शेंगदाणे चावू लागतो. डॉक्टरांनी ‘अजून नको’ म्हटलं, तर त्यामागे हे कारण असतं. कायमची कॅप बहुधा तीन ते सहा महिन्यांनी बसते. हाड भक्कम असेल, तर निवडक रुग्णांना तात्पुरता दात लगेच देता येतो, पण तो कोणाला द्यायचा हे तपासणीनंतरच ठरतं.

उष्णतेलाही हाड फार हळवं असतं. ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापलं, तरी ते मरू लागतं. म्हणून ड्रिल कमी वेगाने चालवतात आणि सलाइनची धार सतत सोडतात.

दात काढल्यानंतर त्या जागचं हाड झिजायला लागतं. वर्षभरात त्याची रुंदी सुमारे निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, ती खाली सरकते. खालच्या जबड्यातून ओठ-हनुवटीची संवेदना नेणारी नस जाते. हाड कमी झालं की स्क्रू आणि नस यांच्यातलं अंतर कमी होतं, आणि नस दुखावली तर ओठ बधिर राहू शकतो. म्हणून साध्या एक्स-रेवर न थांबता जबड्याचा त्रिमितीय स्कॅन करतात. हाड अपुरं असेल तर ते भरावं लागतं, सायनसचा पडदा उचलावा लागतो. खर्च वाढतो, मुदतही वाढते. दाढ काढून पाच-सात वर्षं तशीच ठेवणाऱ्यांवर ही वेळ हमखास येते.

आपल्या महाराष्ट्रात याला आणखी एक बाजू आहे. तंबाखू, मिश्री, विडी-सिगारेट यांनी हिरडी आणि हाड दोन्ही पोखरली जातात आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी आणि गुटख्याने तोंड आखडलेले रुग्ण दवाखान्यात येतच असतात. तोंड दोन बोटंही उघडत नसेल, तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचणार कसं? मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच पुढे जावं. हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं चालू असतील किंवा जबड्याला रेडिएशन दिलेलं असेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगावं. वाढत्या वयातल्या मुलांना इम्प्लांट बसवत नाहीत, कारण जबडा वाढतो आणि स्क्रू आहे तिथेच राहतो. म्हातारपणाची मात्र आडकाठी नाही. खालची कवळी हलते म्हणून भाकरी सोडलेल्या आजी-आजोबांना दोन इम्प्लांट आणि त्यांवर अडकणारी कवळी मोठा आधार देते.

इम्प्लांट किडत नाही, हे खरं. पण त्याच्याभोवती जंतूंचा संसर्ग होतो. खऱ्या दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची गादी असते. ती चावण्याचा दाब झेलते आणि खडा लागला की तत्काळ जाणीव देते. इम्प्लांटला ही गादी नाही. हिरडीची त्याच्यावरची पकडही कमजोर असते, त्यामुळे संसर्ग लवकर खोल उतरतो आणि बराच काळ दुखतसुद्धा नाही. ब्रश करताना रक्त येणं हीच पहिली खूण समजावी. दातांमधल्या फटींसाठी मिळणारा बारीक ब्रश रोज वापरावा आणि ठरल्या वेळी तपासणी करून घ्यावी. रात्री दात खाण्याची सवय असेल, तर झोपताना गार्ड लावावा. एवढी काळजी घेणाऱ्यांचे बहुतेक इम्प्लांट दहा वर्षांनंतरही पक्के असतात.

डॉक्टर ‘दाढ काढावी लागेल’ म्हणाले, की त्याच बैठकीत चार गोष्टी विचारा. दाढ वाचण्यासारखी आहे का? काढल्यावर हाड राखण्यासाठी लगेच काही करता येईल का? सांगितलेल्या खर्चात स्कॅन, हाड भरणं आणि कॅप धरली आहे का? आणि बसवणार तो स्क्रू कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या आणि फाइलमध्ये जपून ठेवा. प्रत्येक कंपनीचे सुटे भाग वेगळे असतात. उद्या गाव बदललं, मुलांकडे परदेशी गेलात आणि तिथे कॅप सैल झाली, तर तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हाच कागद लागेल.

(पुढील आठवड्यात : हिरड्यांतून रक्त का येतं?)