शोधयंत्राची नवी आवृत्ती आणि जुनी सूची

जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. 'पंढरपूर' हा शब्द पाहिला की पुढे ४२, ११७, ३०८ असे पृष्ठांक दिसतात आणि सबंध ग्रंथ न चाळता आपण नेमक्या जागी जाऊन पोहोचतो. संगणकावर एखादा शब्द टाइप केला की हजारो लेखांतून हवे ते लेख क्षणार्धात पुढे येतात, त्यामागेही हीच युक्ती आहे. यंत्र त्या क्षणी सारे लेख वाचत बसत नाही. प्रत्येक लेखातले शब्द सुटे करून, कोणता शब्द कोणकोणत्या लेखांत आला आहे, याची सूची त्याने आधीच बांधून ठेवलेली असते. शोध घ्यायचा तो या सूचीत. लेखावरून शब्दाकडे न जाता शब्दावरून लेखाकडे जाणारी, म्हणून हिला 'उलटी सूची' म्हणतात.

अशी सूची बांधणारी आज्ञावली प्रत्येकाने नव्याने लिहिण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस डग कटिंग या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने जावा भाषेत 'लुसीन' नावाचा आज्ञावलींचा संच लिहिला. लुसीन हे त्यांच्या पत्नीचे मधले नाव. २००१ मध्ये हा संच अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेकडे आला. त्याचे मूळ लेखन सर्वांना खुले आहे. कोणीही ते वाचावे, वापरावे, त्यात दुरुस्ती सुचवावी. सोल्र आणि इलॅस्टिकसर्च ही प्रसिद्ध शोधयंत्रे लुसीनच्याच पायावर उभी आहेत. शोध घेणाऱ्याला लुसीनचे नावही ठाऊक नसते. पण लुसीनमध्ये काही बदलले, तर परिणाम मात्र त्याच्यापर्यंत येतो. म्हणूनच नव्या आवृत्तीत काय बदलले हे कसे कळवावे, हा प्रश्न तिच्या कर्त्यांना बदलाइतकाच महत्त्वाचा वाटत आला आहे.

असा संच आपल्या वापरकर्त्यांना तीन गोष्टींची हमी देत असतो. पहिली नावांची, दुसरी सूचीच्या मांडणीची आणि तिसरी वर्तनाची. या तिन्ही हमी वेगवेगळ्या रीतीने मोडतात, आणि म्हणून त्या मोडल्याची बातमीही वेगवेगळ्या रीतीने द्यावी लागते.

नावांची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी. प्रोग्रॅमर आपल्या आज्ञावलीत लुसीनमधील क्रियांची नावे लिहितो. नवीन आवृत्तीत एखादे नाव काढून टाकले, तर आज्ञावली संकलितच होत नाही. दोष ताबडतोब दिसतो. तरीही असा धक्का एकदम देऊ नये म्हणून एक रीत आहे. नाव काढण्याआधी त्यावर 'कालबाह्य' अशी खूण करावी, त्याऐवजी काय वापरावे ते तेथेच लिहावे आणि पुढील मोठ्या आवृत्तीत ते काढावे. सप्टेंबर २००९ मध्ये लुसीनची २.९ ही आवृत्ती निघाली आणि दोनच महिन्यांनी ३.० निघाली. ३.० चे मुख्य काम जुनी, खूण केलेली नावे काढून टाकणे हे होते. वापरकर्त्यांना सांगितले गेले ते असे : आधी २.९ घ्या, तिच्यावर आपली आज्ञावली चालवा, कालबाह्यतेच्या सर्व सूचना दूर करा आणि मग ३.० कडे जा. पायरीपायरीने जाणाऱ्याला अडचण पडू नये, अशी ती योजना होती.

दुसरी हमी सूचीच्या मांडणीची. सूची संगणकाच्या तबकडीवर फायलींच्या रूपाने असते. आज्ञावली बदलणे मिनिटांचे काम आहे. पण कोट्यवधी लेखांची सूची पुन्हा बांधणे हे दिवसांचे काम असू शकते, आणि मूळ लेख हाताशी नसतील तर ते अशक्यच. यासाठी लुसीनने धरलेला नियम असा, की नव्या मोठ्या मालिकेला आपल्या लगतच्या आधीच्या मालिकेची सूची वाचता आली पाहिजे. हा नियम नुसता कागदावर राहू नये म्हणून जुन्या आवृत्त्यांनी बांधलेल्या लहान लहान सूची मूळ लेखनासोबतच जपून ठेवल्या आहेत, आणि नवी आज्ञावली त्या उघडू शकते की नाही याची चाचणी घेतली जाते. सूची फारच जुनी असेल, तर लुसीन ती उघडण्यास स्पष्ट नकार देते आणि कारणही सांगते. अर्धवट वाचून चुकीचे उत्तर देण्यापेक्षा हा नकार बरा.

तिसरी हमी वर्तनाची, आणि सर्वांत फसवी हीच. येथे नावे तीच राहतात, सूची उघडते, आज्ञावली चालते, चुकीचा कोणताही संदेश येत नाही. फक्त उत्तर बदलते. याचे एक उदाहरण आपल्या भाषेशी थेट संबंधित आहे.

सूची बांधण्याआधी वाक्याचे शब्द सुटे करावे लागतात. हे काम करणारा लुसीनचा 'स्टँडर्ड टोकनायझर' मार्च २०११ पर्यंत अशा नियमाने चाले, की अक्षरे आणि अंक यांची सलग रांग म्हणजे शब्द; बाकीची चिन्हे सोडून द्यावीत. इंग्रजीला हा नियम पुरतो. पण युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात आपल्या वेलांट्या, उकार, मात्रा आणि हलन्त ही 'अक्षरे' नसून 'जोडचिन्हे' या वर्गात मोडतात. त्यामुळे त्या नियमाने 'पुस्तक' या शब्दाचे 'प', 'स' आणि 'तक' असे तीन तुकडे होत. 'दान', 'दिन' आणि 'दीन' हे तिन्ही शब्द यंत्राला 'द' आणि 'न' असे सारखेच दिसत. कन्नड लिपीतील स्वरचिन्हेही याच वर्गातली, म्हणून आपल्या अंकाच्या दुसऱ्या विभागातील शब्दांची गतही तीच झाली असती.

मार्च २०११ च्या ३.१ या आवृत्तीत हा नियम बदलून युनिकोडने ठरवलेले शब्दसीमांचे नियम घेतले गेले. आता 'पुस्तक' अखंड राहू लागले. सुधारणा निर्विवाद होती. पण तिचा दुसरा परिणाम पाहा. एखाद्या ग्रंथालयाने ३.० वापरून आपल्या मराठी ग्रंथांची सूची बांधली आहे असे समजू. त्या सूचीत 'प', 'स', 'तक' हे तुकडे आहेत. प्रश्न विचारतानाही तसेच तुकडे होत असल्यामुळे काही चुकीच्या ग्रंथांबरोबर का होईना, हवा तो ग्रंथ सापडत होता. आता आज्ञावली नव्या नियमाने चालू लागली आणि वाचकाने 'पुस्तक' शोधले. यंत्र सूचीत 'पुस्तक' हा अखंड शब्द शोधते. तो तेथे नाही. उत्तर येते : शून्य. यंत्रात बिघाड झाला असे कोणालाच वाटत नाही. असा ग्रंथ येथे नाही, असे समजून वाचक परत जातो. ग्रंथ मात्र कपाटात जागच्या जागी असतो.

सूचीची मांडणी नवी करूनही हा दोष जात नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मांडणी बदलणे म्हणजे तोच मजकूर नव्या वहीत उतरवणे. बांधतानाच वेलांटी गळाली असेल, तर ती नव्या वहीतही येणार नाही. त्यासाठी मूळ लेखाकडेच गेले पाहिजे. २०१९ मध्ये आलेल्या आठव्या मालिकेने याच विचाराने एक कडक पाऊल उचलले. सूची प्रथम कोणत्या मालिकेत जन्मली याची नोंद सातव्या मालिकेपासून ठेवली जात होतीच. त्या नोंदीच्या आधारे, सहाव्या मालिकेत जन्मलेली सूची सातव्या मालिकेतून उतरवून आणली तरी आठवीने ती नाकारली.

३.१ च्या बदलाची सोय कर्त्यांनी निराळ्या प्रकारे केली होती. शब्द सुटे करणाऱ्या घटकाला 'मला अमुक आवृत्तीप्रमाणे वाग' असा आकडा द्यावा लागे. जुना आकडा दिला की जुनेच वर्तन मिळे; शिवाय जुनी रीत 'क्लासिक' या नावाने वेगळीही काढून ठेवली. यामुळे सूची पुन्हा बांधायला सवड मिळाली. मात्र अशी जुनी वर्तने साठत गेली की सांभाळणाऱ्याचे ओझे वाढते. पुढे हा आकडा देण्याची सक्ती काढून टाकण्यात आली.

वर्तनाचा बदल वापरकर्त्याच्या नजरेस आणण्याची आणखी एक युक्ती आठव्या मालिकेत दिसते. पूर्वी 'एकूण किती लेख सापडले' याचे उत्तर साधा आकडा असे. वेग वाढवण्यासाठी यंत्र आता ठरावीक मर्यादेपलीकडे नेमकी मोजणी करीनासे झाले. 'हजाराहून अधिक' एवढेच ते सांगू शके. उत्तराचे रूप आकडाच ठेवले असते, तर लोकांनी अंदाजाला मोजणी समजून छापले असते. म्हणून आकड्याच्या जागी 'आकडा आणि तो नेमका आहे की किमान, याची खूण' अशी जोडी ठेवली. जुनी आज्ञावली संकलित होईना, आणि प्रोग्रॅमरला थांबून कारण वाचावे लागले. मूक बदल जाणूनबुजून बोलका केला गेला.

पण प्रत्येक बदल असा बोलका करता येत नाही. २०१६ च्या ६.० मध्ये लेखांचा क्रम लावण्याचे मूळ सूत्रच बदलून बीएम-२५ हे घेतले गेले. या सूत्रात एकच शब्द पुन्हा पुन्हा आल्याने मिळणारे गुण एका मर्यादेनंतर फारसे वाढत नाहीत. क्रम बदलला, तरी अडखळण्यासारखे काही नव्हते. अशा वेळी लेखी निवेदन हाच मार्ग उरतो. लुसीनच्या प्रत्येक आवृत्तीसोबत बदलांची यादी असते. तीत नव्या सोयी, दोषदुरुस्ती आणि नावांतील बदल यांचे वेगवेगळे भाग पाडलेले असतात, आणि वर्तनातील बदलांना गरजेप्रमाणे स्वतंत्र मथळा दिला जातो. मोठ्या आवृत्तीसाठी 'जुन्यावरून नव्याकडे कसे यावे' हे सांगणारे टिपण निराळे असते.

हे निवेदन कसे असावे? 'शब्द सुटे करण्याची पद्धत सुधारली' एवढेच लिहिले, तर ते खोटे नाही. पण ग्रंथपालाला त्यातून काही कळत नाही. 'देवनागरी, कन्नड अशा लिप्यांतील शब्द आता अखंड राहतील; त्यामुळे जुन्या सूचीशी नवे प्रश्न जुळणार नाहीत; मूळ लेखांवरून सूची पुन्हा बांधा, आणि तोवर जुना आकडा कायम ठेवा' असे लिहिले, तर काय बदलले, कोणाला बाधेल, काय करावे आणि न केल्यास काय होईल, या चारही प्रश्नांची उत्तरे मिळतात. यासाठी लागतात चार ओळी. त्या न लिहिल्यास लागतात अनेकांचे अनेक दिवस.

आपल्यापैकी जे विद्यार्थी पुढे एखाद्या ग्रंथालयाचे वा कार्यालयाचे शोधयंत्र सांभाळतील, त्यांनीही आपल्या बाजूने एवढे करावे. नवी आवृत्ती घेण्याआधी बदलांची यादी वाचावी. मूळ लेख आणि जुनी सूची या दोहोंची प्रत काढून ठेवावी. ज्यांची उत्तरे पक्की माहीत आहेत असे वीस-पंचवीस शब्द आधीच वहीत लिहून ठेवावेत, आणि नवी आज्ञावली बसवल्यावर ते एकेक करून शोधून पाहावेत. त्यांत काना, वेलांटी, उकार आणि जोडाक्षर असलेले शब्द अवश्य असावेत.