शिलिंगाची बाग आणि घरचा केक

इंग्लंडातल्या बागांवर मराठीत भरपूर लिहून झाले आहे, त्यामुळे गुलाबांच्या वाफ्यांचे वर्णन इथे करत नाही. मला अनेक वर्षे नाद आहे तो त्या बागांत मदतनिधीसाठी विकल्या जाणाऱ्या घरच्या केकचा. त्याच्या मागे लागल्यावर गाठ पडली एल्सी वॅग या बाईंशी.

गरीब आजाऱ्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची प्रथा 1859 साली विल्यम रॅथबोन यांनी लिव्हरपूलमध्ये सुरू केली. पुढे 1887 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी निधीतून या कामासाठी संस्था उभी राहिली. पैशाची चणचण मात्र कायमचीच. 1926 मध्ये निधी कसा उभारावा याची चर्चा चालू असताना कार्यकारिणीतल्या वॅगबाईंनी एक साधी सूचना केली. देशात इतक्या सुंदर बागा आहेत आणि त्या पाहतात फक्त मालक नि त्यांचे पाहुणे. एक दिवस त्या सगळ्यांसाठी उघडा आणि माणशी एक शिलिंग घ्या. 1927 च्या उन्हाळ्यात 609 बागा उघडल्या. राजाची सँड्रिंगहॅमची बागही त्यांत होती. जमले 8,191 पौंड. वीस शिलिंगांचा पौंड धरला तर ही एक लाख त्रेसष्ट हजारांहून जास्त तिकिटे होतात! 1931 पर्यंत बागांची संख्या हजारावर गेली. 'कंट्री लाइफ' साप्ताहिकाने त्यांची पुस्तिका काढली. तीच पुढे 'यलो बुक' झाली. 'नॅशनल गार्डन स्कीम' या नावाने हे काम आजही चालू आहे.

सिसिंगहर्स्टची प्रसिद्ध बाग 1938 मध्ये या योजनेत उघडली. तिच्या मालकीणबाई, लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट, येणाऱ्यांना प्रेमाने 'शिलिंगवाले' म्हणत. अशा मोठ्या नावांचे लेखन आणि छायाचित्रे जपली गेली. पण बाग उघडायची म्हणजे आदल्या दिवशी गावातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत ओव्हन तापतात. तिथे केक करणाऱ्या बायकांची नोंद कोणी ठेवली नाही, ही मला या सगळ्या इतिहासातली मोठी उणीव वाटते.

बागेतल्या विक्रीच्या टेबलावरचा मानाचा केक म्हणजे 'व्हिक्टोरिया सँडविच'. मिसेस बीटन या पाककृती-लेखिकेच्या 1861 च्या ग्रंथात त्याची कृती सापडते आणि ती वाचून मी चकित झाले. चार अंडी, त्यांच्या वजनाइतकीच साखर, लोणी आणि मैदा, चिमूटभर मीठ, मध्ये कोणताही जॅम. बेकिंग पावडरचा पत्ताच नाही! बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती 1843 मध्येच तयार केली होती, तीही यीस्ट न पचणाऱ्या पत्नीसाठी. (आपल्याकडच्या फ्रूट कस्टर्डमागची बिनअंड्याची कस्टर्ड पावडरही त्यांचीच.) बीटनबाईंचा केक गोलसुद्धा नाही. त्याच्या लांबट पट्ट्या कापून काचेच्या ताटात आडव्या-उभ्या रचायच्या.

आज हा केक दोन गोल डब्यांत भाजतात. अंडी टरफलासकट तोलायची आणि तेवढेच वजन बाकीच्या प्रत्येक जिनसेचे घ्यायचे. लोणी-साखर पांढुरकी, हलकी होईपर्यंत फेटायची. गावोगावच्या महिला मंडळांच्या स्पर्धांत तर नियम फारच कडक: मध्ये फक्त रासबेरीचा जॅम, वर बारीक साखरेची भुरभुर आणि पृष्ठभागावर जाळीचे वळ नकोत. म्हणून केक जाळीवर निववताना वरची बाजू वरच राहील अशी काळजी घेतात. मधल्या क्रीमवरून मात्र अजून वाद रंगतात. माझे मत जॅमवाल्यांच्या बाजूने आहे. जूनच्या दुपारी झाडाखालच्या टेबलावर क्रीम तासाभरात पाघळते, जॅम संध्याकाळपर्यंत टिकतो. विकून पैसे उभे करायचे असतील तर टिकण्याला महत्त्व हवेच.

1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा आली आणि परिचारिकांचा खर्च सरकारने उचलला. योजना तिथेच संपायला हरकत नव्हती. ती संपली नाही. निवृत्त परिचारिकांसाठी आणि पुढे 1984 पासून मॅकमिलन या कर्करुग्णांच्या संस्थेसाठी पैसा जमत राहिला. दरम्यान, बंगल्यांमागची चिमुकली परसबागही या योजनेत आली. अशा बागेत पाहण्यासारखे दहा-पंधरा मिनिटांचेच असते. तिथे लोक तासभर रेंगाळतात ते चहा-केकमुळेच, असे माझे ठाम मत आहे.

मुलाकडे, लेकीकडे इंग्लंडला जाणाऱ्यांची संख्या आता आपल्यातही मोठी आहे. मे ते जुलैमध्ये तिथे असाल तर राजवाडे एखादा दिवस राहू द्या आणि जवळपासच्या गल्लीत या योजनेची पिवळी पाटी शोधा. केक घ्या, आणि तो कोणी केला हे आवर्जून विचारा.