हवेंत विरलेलीं नाटकें

संस्कृत साहित्यशास्त्रानें काव्याचे दृश्य व श्राव्य असे दोन भेद मानले व नाटकाची गणना दृश्यांत केली. विसाव्या शतकांत रेडिओनें ही विभागणी मोडून केवळ कानांनीं पाहावयाचें नाटक जन्मास घातलें. या नभोनाट्याचें दुर्दैव असें, कीं ज्या हवेनें तें घरोघर पोंचविलें, तिच्यांतच तें बहुधा विरून गेलें.

१५ जानेवारी १९२४ रोजीं बी.बी.सी.नें रिचर्ड ह्यूज यांचें 'ए कॉमेडी ऑफ डेंजर' हें खास रेडिओकरितां लिहिलेलें नाटक ऐकविलें. कोळशाच्या खाणींतील दिवे विझतात व माणसें अंधारांत सांपडतात, असें त्याचें कथानक. पात्रांस दिसत नाहीं आणि श्रोत्यांसहि दिसत नाहीं. योजना मोठी मार्मिक! त्याची संहिता आज वाचावयास मिळते; पण त्या रात्रीचे आवाज मात्र कायमचे गेले, कारण त्या काळीं प्रक्षेपणाचें मुद्रण होत नसे.

आतां याच्या उलट उदाहरण पाहा. ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यू यॉर्कहून ऑर्सन वेल्स यांच्या मंडळीनें 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' हें नभोनाट्य सादर केलें. मंगळावरील प्राण्यांची स्वारी त्यांत बातम्यांच्या थाटांत वर्णिली होती. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांनीं, देशभर हाहाकार उडाला, असें छापलें. सुदैवानें हें नाटक ध्वनिमुद्रित झालें होतें. हें काल्पनिक नाटक आहे, अशी सूचना आरंभीं, मध्यें व अखेरीस दिलेली त्यांत आजहि स्पष्ट ऐकूं येते. आणि हाहाकाराचें तें वर्णन बरेंच फुगविलेलें होतें, असें अभ्यासक आज मानतात. ध्वनिमुद्रण हा केवळ करमणुकीचा ठेवा नसून इतिहासाचा साक्षीदार आहे, तो असा.

परंतु हा साक्षीदार अल्पायुषी आहे. त्या काळच्या पुष्कळ तबकड्या सोळा इंच व्यासाच्या असून एका बाजूस सुमारें १५ मिनिटें मावत. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन त्या करीत. युद्धकाळांत ॲल्युमिनियम दुर्मिळ झाल्यानें पत्र्याच्या जागीं कांच आली. कांच फुटते, लेप आक्रसून पापुद्र्यांसारखा सुटतो, त्यावर पांढरा थर चढतो. कपाटांत स्वस्थ पडलेली तबकडीहि हळूहळू मरत असते. म्हणून ती जुन्या यंत्रावर हौसेनें वाजवूं नये. जड सुईच्या एका फेऱ्यानें उरलासुरला आवाजहि खरवडला जातो. जाणत्याकडून ती स्वच्छ करवून प्रथम संगणकावर तिची प्रत उतरावी, आणि मूळ तबकडी वेष्टनावरील नोंदींसह थंड व कोरड्या जागीं उभी ठेवावी.

अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें एन.बी.सी.च्या लाखाहून अधिक तबकड्या अशाच सांभाळल्या आहेत. तथापि सर्वच ठेवा संस्थांच्या हातून वांचतो असें नव्हे. बी.बी.सी.च्या 'हॅन्कॉक्स हाफ अवर' या विनोदी मालेंतील १९५५ सालचा एक हरवलेला भाग एका श्रोत्यानें घरीं केलेल्या मुद्रणामुळेंच परत मिळाला.

जुन्या पोथीच्या अखेरीस लेखनिक ती पाण्यापासून व तेलापासून जपण्याची विनवणी करी. आपलें प्राचीन वाङ्मय टिकलें तें एका भूर्जपत्राच्या बळावर नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या नकला करणाऱ्या हातांच्या बळावर. आमच्या वाचकांच्या घरींहि माळ्यावर एखाद्या ट्रंकेंत आकाशवाणीवरील श्रुतिकेचें टेपचें रीळ पडलें असेल. दिवाळीच्या साफसफाईंत तें रद्दींत जाण्यापूर्वीं, त्यावर कोणाचा आवाज आहे, एवढें तरी घरांतील वडील माणसांस विचारावें, अशी आमची विनंती आहे.