पवनचक्क्यांच्या देशातील वाऱ्याचा व्यापार

नगरहून पुण्याकडे जाताना सुपे जवळ आले की कवड्या डोंगरावरील पवनचक्क्या दिसू लागतात. चैत्रात त्यांची पाती संथ असतात. त्यांना खरा वेग येतो तो पावसाळ्यात. अहिल्यानगर जिल्ह्यातील फुलांचा हंगाम त्यानंतरचा. अकोळनेर परिसरातील शेवंती-झेंडू दसरा-दिवाळीच्या बाजाराची वाट पाहतात. वारा आणि फुले यांची ही भेट ऐन वसंतात, एका दिवसाच्या मोटारप्रवासात घडते ती नेदरलँड्समध्ये.

ॲम्स्टरडॅमहून सकाळी निघून प्रथम रॉटरडॅमजवळचे किंडरडाइक गाठावे. तेथे कालव्यांच्या काठी 19 जुन्या पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांतील बहुतेक 1740 च्या सुमारास बांधल्या गेल्या. 1997 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा मान दिला. या चक्क्या धान्य दळण्यासाठी नव्हत्या. या देशाचा सुमारे एक चतुर्थांश भूभाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. तेथील शेतांत साचणारे पाणी उपसून वरच्या कालव्यात चढवणे, हे त्यांचे काम. वाऱ्याला राबवून या लोकांनी जमीन राखली.

तेथून लिस गावी यावे. येथील कॉकेनहॉफ उद्यानात दरवर्षी सुमारे 70 लाख कंद लावले जातात. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, जेमतेम आठ आठवडे उद्यान खुले असते. भोवतालच्या शेतांत मात्र एक वेगळे दृश्य दिसते. ऐन बहरातील फुले शेतकरी यंत्राने छाटून टाकतो. फूल गेले की झाडाचे सत्त्व कंदात उतरते आणि विकायचा माल असतो तो कंदच. ज्या कंदाला जैन स्वयंपाकघरात स्थान नाही, त्यावरच येथील पेढ्या उभ्या आहेत.

परतीच्या वाटेवर हार्लेम लागते. व्यापारी कुटुंबांनी येथे थोडे अधिक रेंगाळावे. सतराव्या शतकात ट्युलिपचे कंद हिवाळाभर जमिनीत असत, तरी त्यांचे सौदे खाणावळींत बसून चिठ्ठ्यांवर होत. विकणाऱ्याच्या हाती माल नसे, घेणाऱ्याच्या हाती पैसा नसे. डच लोकांनी या व्यवहाराला ‘विंडहँडेल’ म्हटले, म्हणजे वाऱ्याचा व्यापार. फेब्रुवारी 1637 मध्ये अल्कमार येथे एका दिवंगत खाणावळवाल्याच्या पोरक्या मुलांसाठी झालेल्या लिलावात सुमारे 90,000 गिल्डरची बोली लागली. कुशल कारागिराची वर्षाची कमाई तेव्हा 300 गिल्डरच्या आसपास होती. त्याच सुमारास हार्लेमला खरेदीदार फिरकेनासे झाले आणि भाव कोसळले.

सारा देश बुडाला, ही दंतकथा अलीकडच्या संशोधकांना मान्य नाही. बुडाली ती पत. दिलेला शब्द लोक पाळेनात. अखेर 1638 मध्ये हार्लेम शहराने ठरल्या किमतीच्या साडेतीन टक्के भरून सौद्यातून मोकळे होण्याची मुभा दिली. पैशाचा हिशेब मिटला. शेजाऱ्याशेजाऱ्यांत आलेली अढी मात्र लवकर गेली नाही.

सहलीला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एप्रिलच्या मध्यास तेथे सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो, त्यामुळे चौविहार पाळणे कठीण नाही. चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असू शकते. वेष्टन वाचूनच ते घ्यावे.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात क्षेत्र-वास्तू, धन-धान्य यांची मर्यादा स्वतःच आखायची असते. मर्यादा आखायची तर आधी आपल्याजवळ खरोखर काय आहे, हे मोजावे लागते. हार्लेमच्या खाणावळींत नेमके हेच कोणी मोजले नाही. मोबाइलच्या पडद्यावर वायद्यांचे आकडे क्षणोक्षणी हलत असताना, घरातील तरुणांना ट्युलिपच्या रंगांबरोबर ही गोष्टही सांगावी. वाऱ्यावर चक्की चालते; पेढी मात्र पतीवरच चालते.