हिंगोलीत बसून अमेरिकेचा अभ्यास

अमेरिकेचा विषय निघाला की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुणाचं पोरगं गेलंय तिकडं? मग व्हिसा, पगार, ग्रीन कार्ड. गाडी तिथेच थांबते. तो देश आतून चालतो कसा, तिथले कायदे कुणाच्या सोयीचे, तिथली माणसं आपसात कशावरून भांडतात, हा पदवीच्या वर्गात शिकायचा विषय आहे असं हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीत कुणी म्हटलं तर समोरचा आधी हसेल. पण या जिल्ह्यातली हळद अमेरिकेच्या पेटंट कार्यालयापर्यंत जाऊन आलेली आहे, इथले संत नामदेव तिथल्या विद्यापीठात अभ्यासले जातात आणि औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याला अमेरिकेच्या भागीदारीत वेधशाळा होते आहे. अभ्यासाला आणखी काय लागतं?

हा विषय नेमका कोणता

‘अमेरिकन स्टडीज’ हा विषय १९३०च्या दशकात हार्वर्ड, येल अशा विद्यापीठांत आकाराला आला. तोवर तिथला इंग्रजीचा विभाग मुख्यतः इंग्लंडचं साहित्य शिकवायचा आणि इतिहासाचा विभाग आपल्या खोलीत वेगळा बसायचा. साहित्य, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि पुढे सिनेमा, संगीत, कायदा हे सगळं एकत्र घेऊन एका समाजाकडे पाहायचं, अशी ही रीत. ‘अमेरिकन क्वार्टर्ली’ हे नियतकालिक १९४९मध्ये निघालं, अभ्यासकांची संघटना १९५१मध्ये उभी राहिली.

सुरुवातीच्या काळात या विषयाचा सूर बराचसा ‘आमचा देश जगावेगळा’ असा होता. नागरी हक्कांची चळवळ, व्हिएतनामचं युद्ध आणि स्त्रियांच्या चळवळीने तो बदलला. गुलामांच्या वंशजांचं काय, मूळच्या आदिवासींचं काय, स्थलांतरितांचं काय, हे प्रश्न मध्यभागी आले. आज या विषयातला चांगला विद्यार्थी अमेरिकेची आरती ओवाळत नाही आणि तिला शिव्याही घालत बसत नाही.

हैदराबादचं ग्रंथालय आणि नर्सीचे नामदेव

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने हा विषय जगभर पोचवला, त्यामागे तिचा स्वार्थ होताच. भारतातलं त्याचं मोठं ठिकाण म्हणजे हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४मध्ये सुरू झालेलं अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर. इंटरनेट नसलेल्या काळात अमेरिकन साहित्यावर पीएच.डी. करायची तर तिथलं ग्रंथालय गाठावं लागे. हिंगोली एकेकाळी निजामाच्या राज्यातलीच. इथल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांना हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ होतं. पुढे या केंद्राचं नाव बदललं, ते उस्मानिया विद्यापीठात विलीन झालं.

देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली, आणि अधिक चिकाटीने झाली. अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत योजनेखाली आलेल्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत भरले. त्या रुपयांतून १९६२मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. त्यांत मराठी पुस्तकंही होती. आपण गहू खाल्ला आणि त्यांनी आपली पुस्तकं वाचली. एलिनॉर झेलियट या अमेरिकन अभ्यासक, त्यांनी आंबेडकरी चळवळ अभ्यासली. समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट तर मिनेसोटातून आल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्याच झाल्या. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नर्सी हिंगोलीजवळच. पण नामदेवांची आठवण कीर्तनातून आणि कीर्तनकारांच्या बाडांतून शतकानुशतकं कशी टिकली, यावरचा मोठा ग्रंथ लिहिला तो वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या ख्रिश्चन ली नोवेट्झके यांनी, २००८मध्ये. त्यांच्याकडे आपल्यावर एवढं आहे. आपल्याकडे त्यांच्यावर काय आहे, याचं उत्तर फार लाजिरवाणं नसलं तरी तोकडं आहे.

हळदीचा खटला

अनेक विषय एकत्र आणून शिकणं म्हणजे काय, हे दाखवायला हिंगोलीइतकं सोपं उदाहरण दुसरीकडे मिळणार नाही. मार्च १९९५मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं. अर्ज करणारे दोघे संशोधक भारतीय वंशाचेच होते. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७मध्ये ते पेटंट रद्द झालं. एवढी गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. भाषणात ती ‘आपण जिंकलो’ इथे संपते.

अभ्यास तिथून पुढे सुरू होतो. मुळात पेटंट मिळालंच कसं? बोट कापलं की हळद दाबायची हे वसमतच्या कुठल्याही आजीला माहीत. पण त्या वेळच्या अमेरिकन कायद्याचं म्हणणं असं होतं: एखादी गोष्ट आधीपासून माहीत आहे हे दाखवायचं तर ती अमेरिकेत वापरात हवी, किंवा जगात कुठे तरी छापलेली वा पेटंट घेतलेली हवी. परदेशातला तोंडी वापर, मग तो हजार वर्षांचा असला तरी, पुरावा ठरत नव्हता. म्हणून सीएसआयआरला कागद गोळा करावे लागले. ३२ संदर्भ दाखल झाले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसा भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला १९५३चा लेखही होता. आजीला साक्षीला उभं करता आलं नाही, छापील कागदच उपयोगी पडला.

आता यात विषय मोजा. छापील शब्दावर एवढा भरवसा आणि दूरच्या माणसाच्या तोंडी ज्ञानाला शून्य किंमत, हे कायद्याच्या इतिहासाचं प्रकरण. विद्यापीठ पेटंटच्या मागे का लागतं, हे अर्थकारण: १९८०च्या बाय-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची पेटंटं विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागली आणि तिकडे चढाओढ लागली. परदेशी वापराबद्दलचा तो नियम २०११च्या कायद्याने बदलला, २०१३पासून नवा नियम लागू झाला, हे राजकारण. आणि वसमतच्या हळदीला पुढे आपण भौगोलिक मानांकन घेतलं, म्हणजे मालकी सांगण्याची त्यांचीच भाषा आपणही उचलली. ती बरी की वाईट? वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या कांडी आणि गट्टूचे ढीग लावून बसलेल्या शेतकऱ्याला मानांकनाने क्विंटलमागे काही जास्त मिळालं का? हा प्रश्न विद्यार्थ्याने तिथे जाऊन विचारायचा आहे. पुस्तकात त्याचं उत्तर नाही.

कापसाचंही असंच, त्याचा भावही तिकडच्या निर्णयांशी बांधलेला. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लावलं. त्याच महिन्यात भारताने कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क काही काळापुरतं उठवलं. सोयाबीनवाल्यांना तर शिकागोचा वायदा नवा नाही. अमेरिकेने खाद्यतेलापासून डिझेल करायला उत्तेजन दिलं की जगभर सोयातेलाची गणितं हलतात. आयोवाच्या शेतकऱ्याची मतं वॉशिंग्टनमध्ये एवढी का मोजली जातात, हे समजल्याशिवाय हिंगोलीच्या बाजार समितीतला भाव पुरता समजत नाही.

जात आणि वंश

जात आणि वंश शेजारी ठेवून पाहण्यात मराठी माणूस कोराही नाही आणि उशिराही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, आणि १९४६मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव थेट ब्लॅक पँथरवरून आलं.

आणि ही परंपरा आपल्या विद्यापीठाच्या दारापर्यंत येते. हिंगोलीची महाविद्यालयं ज्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे मराठीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर ग्रंथ लिहिणारे अभ्यासक. विद्यापीठाच्या पहिल्याच कुलगुरूंचा विषय त्याच विद्यापीठाच्या महाविद्यालयांत एखाद्या पेपराच्या कोपऱ्यात पडून राहावा, हे मला तरी पटत नाही.

आता गंमत अशी, की जात हाच अमेरिकेचा विषय झाला आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये सिॲटल हे जातिभेदावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. कॅलिफोर्नियात तसं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. आपली माणसं तिकडे गेली, सोबत काय काय घेऊन गेली, हे समजायला आपल्याइतका लायक अभ्यासक कोण?

दुधाळा आणि हॅनफर्ड

दुधाळ्याची वेधशाळा म्हणजे लायगो-इंडिया. या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत गुरुत्वीय लहरींचा वेध. यातलं भौतिकशास्त्र शिकवायला माणसं आहेत. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था या कामात आहेच. मला पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. दुधाळ्याच्या वेधशाळेची थोरली भावंडं लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टन आणि वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड इथे आहेत. हॅनफर्डची ती जागा साधी नाही. १९४३मध्ये सरकारने तिथली गावं उठवली, शेतकऱ्यांना आणि आदिवासींना हलवलं आणि नागासाकीवर पडलेल्या बाँबसाठी प्लुटोनियम तयार केलं. तिथला किरणोत्सारी कचरा आवरण्याचं काम अजून संपलेलं नाही. म्हणजे हॅनफर्ड शिकायचं तर भौतिकशास्त्र, युद्धाचा इतिहास, पर्यावरण आणि भूसंपादनाचा कायदा एकत्र घ्यावे लागतात. मग तीच प्रश्नावली दुधाळ्यात घेऊन जाता येते: जमीन कुणाची होती, मोबदला कसा ठरला, गावाला काय मिळालं.

वेळापत्रकात कुठे बसवायचं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीची रचना बदलली आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० श्रेयांक. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, क्षेत्रीय प्रकल्प. महाराष्ट्रात खुला ऐच्छिक विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. म्हणजे बी.एस्सी.च्या मुलीला हॅनफर्डचा इतिहास आणि बी.कॉम.च्या मुलाला अमेरिकन समाज घ्यायला दार उघडं आहे.

घोडं अडतं ते दुसरीकडे. तीन विभागांचे शिक्षक मिळून एक पेपर शिकवणार म्हटलं की पहिला प्रश्न येतो, वर्कलोड कुणाच्या नावावर धरायचा? निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर असतील तर त्यांना हा उद्योग सांगायचाही संकोच वाटतो. शेवटी खुल्या विषयाच्या नावाखाली जो तास मोकळा असेल तो विषय मुलांच्या गळ्यात पडतो. यावर उपाय विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे आहे: हळद, सोयाबीन, जात आणि लायगो यांभोवती बांधलेला दोन-चार श्रेयांकांचा एक पेपर मंजूर करून ठेवावा, आणि त्याचे तास विभागांत वाटून देण्याची मुभा द्यावी.

वाचायला सुरुवात कुठून

पंडिता रमाबाईंपासून. त्या १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. परत आल्यावर १८८९मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. राज्यपद्धती, घरसंसार, शिक्षण, स्त्रियांची स्थिती असे विषय घेऊन लिहिलेलं, कौतुक भरपूर करणारं आणि वर्णभेदावर बोट ठेवायला न विसरणारं. हार्वर्डमध्ये हा विषय सुरू होण्याआधी जवळपास अर्धं शतक एका मराठी बाईने तो एकटीने करून दाखवला. मीरा कोसंबी यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००३मध्ये छापला तो अमेरिकेतल्याच इंडियाना युनिव्हर्सिटी प्रेसने. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मूळ मराठी पुस्तक नसेल, तर या वर्षीच्या खरेदीच्या यादीत ते घालायला सांगा.