विचित्र कणांची मोजणी

पदार्थविज्ञानात कणांच्या एका गटाला ‘विचित्र’ म्हणतात. हे नाव पाहणाऱ्यांच्या गोंधळातून पडले. १९४७ साली मँचेस्टरच्या रोचेस्टर आणि बटलर यांना विश्वकिरणांच्या छायाचित्रांत इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या जोडरेषा आढळल्या. रेघ न उमटवणारा एक भाररहित कण मोडून त्याचे दोन भारित कण झाले होते. असे कण टकरीत झटकन जन्मतात, पण त्या मानाने फार सावकाश मोडतात. तेव्हाच्या सिद्धांतात हे बसेना, म्हणून ते कण विचित्र ठरले.

आज ही मोजणी जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर घेराच्या यंत्रात होते. तिथल्या ‘सीएमएस’ प्रयोगात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सहभागी आहे. दोन प्रोटॉन प्रचंड वेगाने आदळतात आणि त्या ऊर्जेतून नवे कण उपजतात. लॅम्डा हा त्यांतला एक विचित्र कण. शंभरांतले सुमारे ६४ लॅम्डा मोडून प्रोटॉन व भारित पायॉन देतात; तेथे ‘व्ही’ उमटते. उरलेले बहुतेक न्यूट्रॉन व भाररहित पायॉन देतात. तेथे रेघच नसते. उमटलेल्या रेघाही सगळ्याच हाती लागत नाहीत.

म्हणून सापडलेले कण मोजून काम संपत नाही. संगणकात कृत्रिम टकरी घडवून, यंत्रातून किती कण निसटतात ते काढावे लागते आणि तो हिशेब जमेस धरावा लागतो. योगायोगाने जुळलेल्या रेघा वजाही कराव्या लागतात.

२०११ साली ‘सीएमएस’ने आपले आकडे प्रसिद्ध केले. ‘पायथिया’ या प्रचलित संगणक-प्रणालीच्या भाकितापेक्षा विचित्र कण जास्त निघाले. काही ठिकाणी तिप्पटीपर्यंत. भाकीत वाचवण्यासाठी कोणी मोजणी दडपली नाही. उणे पडले ते भाकीत.

विज्ञान शाखेत येणारी आपली मुले बहुधा सूत्रे पाठ करून बाहेर पडतात. ही पद्धत त्यांच्या हाती लागली पाहिजे. परंपरेने सांगितले किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून मानू नका, असे बुद्धाने कालामांना सांगितले होते. १९५६ साली नागपुरात आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने तोच मार्ग धरला. शाळेच्या पटावर ज्यांची नावे नाहीत, ती मुले नाहीतच असे कोणी म्हणाले, तर आपल्या कार्यकर्त्याने एवढेच विचारावे: तुमच्या मोजणीतून निसटले किती, तो हिशेब कुठे आहे?