एक बेअरिंग, दोन सह्या आणि रविवारचा मेगाब्लॉक

आपल्याला इंडस्ट्रियल मॅनेजमेंट नावाचा एक पेपर असतो. आदल्या रात्री लाइन, लाइन अँड स्टाफ, फंक्शनल आणि मॅट्रिक्स अशा चार आकृत्या पाठ करायच्या, प्रत्येकीखाली चार फायदे, चार तोटे लिहायचे आणि सुटायचं. मीसुद्धा तसाच सुटलो. चांगले मार्कही मिळाले. चौकोनांना जोडणाऱ्या त्या रेघा म्हणजे काय, हे मात्र डोंबिवली एमआयडीसीत सुट्टीतल्या ट्रेनिंगला गेलो तेव्हा कळलं.

कारखाना लहानच. मला मेंटेनन्समध्ये टाकलं होतं, म्हणजे एका अनुभवी फिटरकाकांच्या मागे फिरायचं आणि डायरी लिहायची. एका मंगळवारी काका एका मशीनजवळ थांबले, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर आणि मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "बेअरिंग गेलंय. चार दिवस काढेल फार तर." नवीन बेअरिंग स्टोअरमध्ये होतं. जाळीतून डबा दिसत होता! पण इश्यू स्लिपवर दोन सह्या लागायच्या. खर्च प्रॉडक्शनच्या खात्यावर पडणार म्हणून एक त्यांची, आणि दुसरी मेंटेनन्सच्या साहेबांची. साहेब गावी लग्नाला गेलेले. प्रॉडक्शनवाले म्हणाले, महिनाअखेर आहे, डिस्पॅच होऊ द्या, मग मशीन थांबवू. स्टोअरवाले म्हणाले, सह्यांशिवाय माल दिला तर ऑडिटला मी काय सांगू?

शुक्रवारी दुपारी शाफ्ट जाम झाला. मशीन दोन दिवस बंद. मेमो आला तो फिटरकाकांना.

तेव्हा मला सगळेच खलनायक वाटले होते. आता विचार केला की वाटतं, तिघांपैकी एकानेही वेड्यासारखं काही केलं नव्हतं. स्टोअरवाल्याचं काम कशावरून मोजतात? साठ्याचा हिशोब जुळतो का, यावरून. प्रॉडक्शनचं? किती नग बाहेर पडले, यावरून. मेंटेनन्सचं? मशीन किती वेळा बंद पडली, यावरून. जो तो आपापल्या चौकोनात बरोबर होता. आणि 'बेअरिंग बदलायला मशीन कधी थांबवायची' हा प्रश्न कोणाच्याच चौकोनात नव्हता. असा बेवारस प्रश्न शेवटी सगळ्यात खालच्या माणसाच्या अंगावर पडतो. काकांकडे जबाबदारी होती, अधिकार नव्हता. रचनेतल्या दोषाची किंमत माणसाने मोजायची ती अशी.

या दुखण्याला पुस्तकात जुना इतिहास आहे. फ्रेडरिक टेलरने कामगारावर एकाऐवजी आठ फोरमन नेमायची कल्पना मांडली होती. चार नियोजनाचे, चार प्रत्यक्ष कामाचे, आणि प्रत्येक जण आपल्या विषयातला तज्ज्ञ. उलट फ्रान्सच्या खाणींत उमेदवारी केलेला इंजिनिअर हेन्री फेयॉल याने १९१६ साली ठामपणे लिहिलं की एका माणसाला एकाच वरिष्ठाने हुकूम द्यावा. दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे. तज्ज्ञ हवेत, पण साहेब आठ नकोत!

गंमत म्हणजे या प्रश्नाशी सर्वांत आधी झुंजली ती रेल्वे. कारखान्यात सगळे एका छपराखाली असतात, ओरडून बोलावता येतं. रेल्वेची माणसं शेकडो मैलांवर पसरलेली, आणि गोंधळ झाला तर गाड्या समोरासमोर. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क-एरी रेल्वेसाठी डॅनियल मॅकॅलम याने १८५५ मध्ये काढलेला तक्ता हा आधुनिक ऑर्गनायझेशन चार्टचा आद्य नमुना मानला जातो. तो झाडासारखा होता, आणि संचालक मंडळ वर नव्हे, खाली मुळाशी! आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्याच्या दोनच वर्षं आधी, १६ एप्रिल १८५३ ला धावली आणि १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले. म्हणजे आपण रोज ज्या मार्गावर धक्के खातो, तो या विषयाइतकाच जुना आहे.

आता लोकलचंच घ्या. पुढे मोटरमन, मागे गार्ड (२०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण डोंबिवलीच्या फलाटावर अजून गार्डच). दोघांची खाती वेगळी. मोटरमन विद्युत विभागाचा, गार्ड परिचालन विभागाचा. एकाची रजा दुसऱ्याचा साहेब मंजूर करत नाही. तरी गार्डने दोन घंटा दिल्याशिवाय मोटरमन गाडी हलवत नाही, आणि सिग्नल लाल असेल तर गार्डच्या घंटेने गाडी सुटत नाही. इथे वरचा कोण, खालचा कोण? हा प्रश्नच काढून टाकलाय. कोणत्या क्षणी कोणाचा शब्द चालणार, हे आधीच लिहून ठेवलंय. आमच्या कारखान्यात नेमकं हेच लिहिलेलं नव्हतं.

मेगाब्लॉकची गोष्ट याहून मोठी. रविवारी आपण ज्याला शिव्या घालतो, तो खरं तर चार खात्यांमधला तह असतो. रूळ स्थापत्य विभागाचे, वरची तार विद्युतची, सिग्नल आणि दूरसंचार हे तिसरंच खातं, आणि गाड्या चालवणारा परिचालन विभाग. प्रत्येकाने आपल्या सोयीने वेगवेगळा ब्लॉक मागितला तर गाड्या कधी चालायच्या? म्हणून ठाणे-कल्याणची जलद मार्गिका काही तास बंद, गाड्या धीम्या मार्गावर, आणि तेवढ्या वेळात सगळ्यांनी आपापली कामं उरकायची. तारेचा पुरवठा बंद केल्याचा परवाना हातात आल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, आणि तो परत दिल्याशिवाय पुरवठा सुरू करायचा नाही. मे-जून २०२४ मध्ये ठाण्याचा फलाट ५-६ रुंद करताना ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, तो आठवा. फलाट रुंद करायचा म्हणजे रूळ सरकवायचा, रूळ सरकला की तार सरकवायची. एकट्या खात्याचं हे काम नव्हेच.

या सगळ्यांना एकत्र बसवणारा म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापक, डीआरएम. विभागातल्या अधिकाऱ्याला प्रशासनासाठी डीआरएमचं ऐकायचं असतं आणि तांत्रिक बाबतीत मुख्यालयातल्या आपल्या खात्याच्या प्रमुखाचं. परीक्षेत आपण जी मॅट्रिक्सची आकृती काढतो, ती हीच. फेयॉलसाहेबांना मुळीच आवडली नसती.

रेल्वेत सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. खात्याखात्यांतली रस्सीखेच इतकी जुनी की डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आठ सेवा एकत्र करून एकच रेल्वे व्यवस्थापन सेवा करायचं ठरवलं. पुढे भरती नागरी सेवा परीक्षेतून सुरू झाली. मग तांत्रिक माणसांची उणीव भासली आणि २०२४ मध्ये अभियांत्रिकी सेवा परीक्षेचं दार आपल्यासाठी पुन्हा उघडलं. टेलर आणि फेयॉल यांचं भांडण शंभर वर्षांनी दिल्लीत चालू! माझं मत विचाराल तर नुसत्या पाट्या बदलून भागत नाही. दोन घंटांचा नियम साधा आहे, पण तो टिकतो, कारण तो पाळला नाही तर काय होईल हे दोन्ही टोकांच्या माणसांना माहीत असतं.

कारखान्याचं राहिलंच. ट्रेनिंगच्या शेवटी रिपोर्ट लिहायचा होता. त्यात 'ब्रेकडाउनचे कारण' असा रकाना. काकांनी खिशातून ती स्लिप काढून दाखवली होती. मंगळवारची तारीख, खाली सहीच्या दोन मोकळ्या जागा. मी म्हटलं, हेच लिहितो. ते म्हणाले, "नको रे बाबा. तुला सर्टिफिकेट पाहिजे ना? सही तिथूनच होणार." मी 'बेअरिंग निकामी' एवढंच लिहिलं. सर्टिफिकेट मिळालं.

गेल्या आठवड्यात विंगमधला एक ज्युनियर तोच रिपोर्ट 'रेफर' करायला मागत आला (म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच). देण्याआधी त्या रकान्यात पेनाने भर घातली: मागणी मंगळवारी, माल स्टोअरमध्ये शिल्लक, सह्या नाहीत. तो म्हणाला, "हे पण उतरवायचं का?" मी म्हटलं, हे आधी उतरव.